दुसऱ्याच्या ताटात: अथेन्स ते मिलेटस, सात दिवस

दिवस पहिला : अथेन्स

मोनास्तिराकीला मेट्रोतून बाहेर आलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. बरोबर सासूबाई. वय 74, गुडघे बरे, जिभेवर मांसमच्छी कधी ठेवलेली नाही. मी वेंगुर्ल्याची, लग्न होऊन कल्याणला आलेली, माशाशिवाय चार दिवस गेले तर पाचव्या दिवशी चिडचिड करणारी. नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघीच निघालो. मला गेली कित्येक वर्षं हिरोडोटसनं वेड लावलं आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात या माणसानं ग्रीक आणि पर्शियन लोकांच्या युद्धाचा इतिहास लिहिला, आणि लिहिता लिहिता वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक जमातीचं ताट उघडून पाहिलं. कोण काय पितं, काय शिवत नाही, कशाची भाकरी करतं. ती वर्णनं जिथली आहेत, त्यातल्या निदान दोन-तीन जागी उभं राहायचं एवढाच प्रवासाचा हेतू होता.

खोलीवर सामान टाकलं आणि अथिनास रस्त्यानं चालत मंडईत गेलो. एका बाजूला मटण आणि मासळीची छपराखालची दालनं, रस्ता ओलांडला की भाजी, ऑलिव्ह, सुकामेवा. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) पलीकडे ऑलिव्हच्या पिंपांपाशी थांबल्या आणि मी मासळीत शिरले. जमीन ओली, बर्फावर पेडवे, बांगड्यासारखे निळ्या पाठीचे मासे, आणि विक्रेत्यांची आरोळी. डोळे मिटले असते तर वेंगुर्ल्याचा बाजार.

आधुनिक ग्रीकमध्ये माशाला ‘प्सारी’ म्हणतात. हा शब्द आला ‘ऑप्सॉन’वरून. प्राचीन ग्रीकांच्या जेवणाचे दोन भाग होते. ‘सीटोस’ म्हणजे धान्य, गव्हाचा पाव किंवा सातूचा मळलेला गोळा, आणि ‘ऑप्सॉन’ म्हणजे त्याच्याबरोबर जे काही असेल ते. इंग्रजीत याला नीटसा शब्द सापडत नाही. आपल्याकडे तयार आहे: तोंडीलावणं. भाकरी हे जेवण, बाकी सगळं तोंडीलावणं. तोंडीलावणं जास्त आणि भाकरी कमी खाणारा माणूस अथेन्समध्ये हावरट समजला जाई. खुद्द सॉक्रेटिसनं अशा एका तरुणाला पंगतीत टोकल्याची गोष्ट त्याचा शिष्य झेनोफननं लिहून ठेवली आहे. आणि तोंडीलावण्यात सगळ्यात चोखंदळ काय, तर मासे. म्हणून शेवटी त्या शब्दाचा अर्थच मासा होऊन बसला. हे आईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्याकडे भाकरीबरोबर काय आहे असं विचारायचो, जेवायला काय आहे असं नाही.” बरोबर तेच.

ग्रीकांच्या डोक्यातला माणूस हा या भाकरीनं ठरत होता. महाकवी होमर माणसांना ‘धान्य खाणारे’ म्हणतो. ओडिसीतला एकडोळ्या सायक्लॉप्स पाहिल्यावर ओडिसियस सांगतो की तो धान्य खाणाऱ्या माणसासारखा दिसतच नव्हता. सायक्लॉप्स नांगरत नाही, पेरत नाही, दूध पितो, चीज करतो आणि पाहुण्यांना खातो. इथून पुढे शेकडो वर्षं ग्रीक माणूस परका भेटला की मनातल्या मनात हीच तपासणी करत राहिला: पाव खातो का? शिजवतो का? दारूत पाणी घालतो का?

दुपारी जेवायला गेलो तर उपासाचे दिवस निघाले. ईस्टरच्या आधीचे चाळीस-पन्नास दिवस ग्रीक ऑर्थोडॉक्स लोक मांस, दूध, अंडी आणि काटा असलेला मासा सोडतात. अशा पदार्थांना ‘निस्तीसिमा’ म्हणतात. हा एक शब्द पाठ केला आणि पुढचे चार दिवस आईंची चिंता मिटली. पहिल्याच दिवशी ‘फावा’ आला. पिवळ्या डाळीचं घट्ट घोटलेलं वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. आईंनी पर्समधून मेतकुटाची डबी काढून वर भुरभुरलं. मात्र शेजारच्या टेबलावर उपासाला म्हणून ऑक्टोपस आला तेव्हा त्या थबकल्या. ज्याच्या अंगात लाल रक्त नाही ते चालतं, असं वाढणाऱ्या मुलीनं समजावलं. “असेल बाई,” आई म्हणाल्या, “आमच्याकडे उपासाला बटाटा चालतो आणि वांगं चालत नाही, त्याचं कारण मला तरी कुठे सांगता येतं?”

दिवस दुसरा : अगोरा आणि प्निक्स

सकाळ प्राचीन अगोरात, म्हणजे चौकात आणि बाजारात गेली. तिथली अट्टलसची स्टोआ ही लांबलचक खांबांची इमारत गेल्या शतकात जुन्या पायावर पुन्हा उभी केली आहे आणि आत संग्रहालय आहे. मी मद्य कालवण्याच्या मोठ्या घड्यांपाशी, क्रेटरपाशी, रेंगाळले. त्यात मद्य ओतायचं, पाणी घालायचं, मग पेल्यात काढायचं. पाणी बहुधा मद्याहून जास्तच. न कालवलेली दारू पिणं हे रानटीपणाचं लक्षण. आजच्या ग्रीकमध्ये मद्याला ‘क्रासी’ म्हणतात त्याचा मूळ अर्थच मुळी ‘मिश्रण’.

पाणी न घालता दारू पिणाऱ्यासाठी त्यांच्याकडे शिवीसारखा एक शब्द होता: सिथियन. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानातले हे घोडेस्वार. स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस वेडा का झाला, तर सिथियन राजदूतांच्या संगतीत नुसती दारू प्यायला लागला म्हणून, असं स्पार्टाचे लोक हिरोडोटसला सांगत. तेव्हापासून स्पार्टात कुणाला कडक हवी असली तर ‘सिथियन कर’ म्हणत. गंमत म्हणजे याच अथेन्समध्ये सिथियन धनुर्धारी सरकारी गुलाम म्हणून बंदोबस्ताला होते. रोज डोळ्यासमोर दिसणारा माणूस, पण ओळख मात्र त्याच्या पेल्यावरून.

संध्याकाळी प्निक्सच्या टेकडीवर गेलो. नागरिकांची सभा इथे भरायची. खडकात कोरलेलं वक्त्याचं व्यासपीठ अजून आहे, आणि समोर अ‍ॅक्रोपोलिस. इ.स.पू. 425 मध्ये अ‍ॅरिस्टोफेनीसनं एक प्रहसन सादर केलं, त्याची सुरुवातच या जागी होते. पर्शियाच्या दरबारातून परतलेले राजदूत सभेत सांगतात की आम्हाला तिथे पाण्याविना मद्य प्यावं लागलं, आणि आमच्यापुढे भट्टीत भाजलेले अख्खे बैल आणून ठेवले. ऐकणारा साधा शेतकरी ओरडतो, बैल कधी कुणी भट्टीत भाजतं का! प्रेक्षक पोट धरून हसले असतील. पण अख्ख्या बैलाची ही बातमी खोटी नव्हती. हिरोडोटसनंही लिहिलं आहे की श्रीमंत पर्शियन वाढदिवसाला अख्खा बैल, घोडा किंवा उंट भाजतात. फरक पुढच्या वाक्यात आहे. पर्शियन म्हणतात, ग्रीक लोक अर्धपोटी उठतात, कारण मुख्य जेवणानंतर त्यांच्याकडे वाढण्यासारखं काहीच येत नाही. आलं असतं तर ते थांबलेच नसते. नाटककारानं परक्याच्या जेवणावर हसवलं. हिरोडोटसनं परका आपल्या जेवणाबद्दल काय म्हणतो तेही टिपलं. त्या खडकावर बसून मला हा फरक पहिल्यांदा इतका स्पष्ट दिसला.

लोण्याचंही सांगायला हवं. ग्रीकांचं स्निग्ध म्हणजे ऑलिव्हचं तेल. लोणी खाणारे ते थ्रेसचे, उत्तरेकडचे. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या एका विनोदी कवीनं थ्रेसच्या राजाच्या मुलीच्या लग्नाचं वर्णन करताना पाहुण्यांना ‘लोणीखाऊ’ म्हटलं आहे. आईंना हे मुळीच आवडलं नाही. “लोण्यात काय वाईट आहे? साक्षात कृष्ण खायचा.” त्या खरोखर रागावल्या होत्या आणि मला त्यांचा राग रास्त वाटला.

दिवस तिसरा : प्लॅटिआ

आज गाडी ठरवून प्लॅटिआला गेलो. पर्यटक इथे फारसे येत नाहीत. एलेफ्सिना सोडलं की रस्ता डोंगरात चढतो, किथेरॉनची खिंड ओलांडतो आणि एकदम बिओशियाचं सपाट रान खाली पसरतं. एरिथ्रेस गावावरून डावीकडे वळलो. डोंगराच्या पायथ्याशी जुन्या नगराच्या तटाचे दगड, मधून उगवलेलं गवत, जागोजाग लाल पॉपी. खाली गहू हिरवा होता. वारा आला की सबंध उतार एका बाजूला कलायचा.

इ.स.पू. 479 मध्ये याच रानात ग्रीकांनी पर्शियन फौजेचा पराभव केला. सेनापती मार्डोनिअस पडला आणि त्याची छावणी ग्रीकांच्या हाती आली. सम्राट झर्क्सीस माघारी जाताना आपला सगळा सरंजाम मार्डोनिअसजवळ ठेवून गेला होता. सोन्यारुप्याच्या वस्तू, रंगीत पडदे, आणि माणसं: भटारी आणि आचारी. जिंकलेला सेनापती पॉसॅनिअस स्पार्टाचा. त्यानं त्या आचाऱ्यांना हुकूम दिला, तुमच्या धन्यासाठी करत होता तसंच जेवण करा. त्यांनी केलं. सोन्यारुप्याचे मंचक मांडले गेले, मेजं लागली, पक्वान्नं आली. पॉसॅनिअस थक्क झाला. मग त्यानं आपल्या नोकरांना स्पार्टाचं रोजचं जेवण करायला सांगितलं आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडली. बाकीच्या ग्रीक सरदारांना बोलावून हसत म्हणाला: बघा या मेड (पर्शियनांना ग्रीक असंही म्हणत) सेनापतीचा मूर्खपणा. रोज हे असं जेवत होता, आणि आपलं हे दरिद्री जेवण हिसकावून घ्यायला इतक्या लांब आला.

तटाच्या एका पडक्या दगडावर बसून मी ही गोष्ट आईंना सांगितली. आमच्यापुढे दशम्या, लसणाची चटणी आणि वाटेत घेतलेले टोमॅटो होते. त्यांनी विचारलं, “आणि ते आचारी?”

“कुठले?”

“ज्यांनी पहिलं जेवण केलं ते. धनी मेलेला, फौज कापून काढलेली. त्याच्या वैऱ्यासाठी त्यांना पक्वान्नं करायला लावली. त्यांचं पुढे काय झालं?”

मी ही गोष्ट कितीदा वाचली असेल, पण आचाऱ्यांचा विचार माझ्या मनात आला नव्हता. हिरोडोटसनंही पुढे लिहिलेलं नाही. त्या दिवशी सकाळी त्यांनी कणीक कोणत्या हातांनी मळली असेल? बाहेर प्रेतं पडलेली, आत चुली पेटवायच्या. चाळीस वर्षं एका घरची चूल सांभाळलेल्या बाईला पहिल्यांदा दिसली ती ही माणसं.

पॉसॅनिअसचं पुढे काय झालं ते मात्र इतिहासकार थ्यूसिडिडीसनं लिहिलंय. विजयानंतर तो बदलला. मेड लोकांचे कपडे घालू लागला आणि जेवायला पर्शियन थाटाचं मेज मांडू लागला. ज्या ताटावर हसला तेच त्यानं मागवलं. पर्शियाशी संधान बांधल्याचा आरोप आला, पकडायला माणसं आली तेव्हा तो एका देवळाच्या आवारात लपला. बाहेरच्यांनी छप्पर काढलं, दारं भिंतीनं बुजवली आणि त्याला उपाशी ठेवलं. अगदी प्राण जायच्या वेळी बाहेर काढलं, आणि तो गेला. दोन जेवणं शेजारी मांडून हसणाऱ्या माणसाचा शेवट उपासमारीनं झाला.

उतरताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं गाडी थांबवायला लावली आणि पिशवीभर रानपालेभाजी खिडकीतून आत दिली. ‘होर्ता’ म्हणाला. पैसे घेतले नाहीत. पानं हातात घेतली तर काही पाथरीसारखी, काही चाकवतासारखी. रात्री ज्या घरी उतरलो होतो तिथल्या बाईंनी ती उकडून तेल-लिंबू घालून दिली. आई दोनदा घेऊन जेवल्या.

दिवस चौथा : पिरीअसहून बोटीवर

दिवस आवराआवरीत गेला, संध्याकाळी पिरीअसला कोसची बोट पकडली. रात्र डेकवर. बंदराचे दिवे मागे पडल्यावर मी आपल्याबद्दलचा भाग काढला. हिरोडोटस भारतात कधी आला नाही. पर्शियन साम्राज्याच्या पूर्व टोकाबद्दल जे कानावर आलं ते त्यानं लिहिलं. काही भारतीय नदीच्या दलदलीत राहतात, वेताच्या एकेका पेरापासून केलेल्या होड्यांतून मासे पकडतात आणि कच्चे खातात. काही कच्चं मांस खातात आणि आजारी पडलेल्या माणसाला मारून त्याची मेजवानी करतात. हे वाचताना दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. जितकं दूर जावं तितका माणूस कच्चं खाणारा, आणि अगदी टोकाला माणूस खाणारा, हा ग्रीकांचा ठरीव नकाशा. त्या नकाशात आपण टोकाला होतो.

पण त्याच पानावर आणखी काही भारतीय आहेत. ते कुठलाही जीव मारत नाहीत, काही पेरत नाहीत, घर बांधत नाहीत, रानपाला खाऊन जगतात. बाजरीएवढा एक दाणा आपोआप उगवतो, तो टरफलासकट गोळा करून उकडतात आणि खातात.

आईंनी शालीतून मान वर काढली. “पुन्हा वाच.”

वाचलं.

“अगं, ही ऋषिपंचमी आहे. बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही, पेरलेलं नाही, आपसूक उगवलेलं खायचं. देवभात आणि भाजी. त्याला कुणीतरी ऋषींचं सांगितलं असणार आणि तो समजला सगळं गावच असं राहतं.”

तज्ज्ञ या दाण्याबद्दल काय म्हणतील ते म्हणोत, माझ्या मनात हाच अर्थ बसला.

मग डरायसची गोष्ट. पर्शियाच्या या सम्राटानं दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर मेलेल्या बापाचं मांस खाल? कितीही दिले तरी नाही, ते म्हणाले. मग त्यानं कॅलाटिए नावाच्या भारतीयांना बोलावलं, जे म्हणे आईबाप मेल्यावर खातात. ग्रीकांसमोर, दुभाष्याकरवी, विचारलं: किती पैसे दिले तर बापाला जाळाल? ते ओरडले, असलं अभद्र बोलू नका. भारतीयांना प्रेत जाळण्याची किळस, हे वाचून आपल्याला कळतंच की बातमी किती हातांतून गेली असेल. पण गोष्ट सांगण्याचं कारण खरं आहे. हिरोडोटस म्हणतो, जगातल्या सगळ्या चालीरीती पुढे मांडून सगळ्यात चांगल्या निवडा म्हटलं तर प्रत्येक माणूस आपल्याच निवडेल. म्हणून दुसऱ्याच्या रीतीवर हसणारा माणूस वेडाच असला पाहिजे.

भारताबद्दल प्रत्यक्ष पाहून लिहिणारे ग्रीक शंभर-सव्वाशे वर्षांनी आले. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेला मेगॅस्थनीस सांगतो की भारतीय जेवायला बसले की प्रत्येकापुढे वेगळं मेज, त्यावर सोन्याचं पात्र, त्यात आधी शिजवलेला भात आणि मग त्यावर निरनिराळी कालवणं. ग्रीकाला भात सांगायचा तर कशासारखा? सातूच्या भरड्यासारखा शिजवलेला. त्याला भारतीयांची एक गोष्ट खटकली: हे लोक एकेकटे जेवतात, सगळ्यांची मिळून ठरलेली वेळ नाही. आणि त्याच मेगॅस्थनीसनं तोंड नसलेल्या माणसांचीही हकिगत लिहिली आहे, जी भाजलेल्या मांसाच्या आणि फुलाफळांच्या वासावर जगतात. एकाच माणसाच्या लिखाणात भात आणि तोंड नसलेली माणसं!

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या माहितीत आमचं कल्याण येतं, ‘कॅलिएना’ म्हणून. चौल येतं, सोपारा येतं. या किनाऱ्यावरून आणि भडोचहून आफ्रिकेकडे काय जातं ते त्यात आहे: गहू, तांदूळ, तिळाचं तेल, वेतासारख्या झाडापासूनचा मध, म्हणजे साखर, आणि ‘बुटिरॉन’. तूप. व्यापाऱ्याच्या यादीत कुणालाही नावं ठेवलेली नाहीत, फक्त माल लिहिलाय. मी हे सांगितलं तेव्हा आई झोपल्या होत्या.

दिवस पाचवा : कोस

पहाटे उतरलो. गावापासून चार किलोमीटरवर अस्क्लेपिअस या वैद्यकाच्या देवाचं आरोग्यधाम आहे, एकावर एक तीन गच्च्यांसारखे टप्पे, वरून समोर तुर्कस्तानचा किनारा दिसतो. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटस या बेटाचा. त्याच्या नावावर चालणाऱ्या लिखाणात एक सुंदर विचार आहे: वैद्यक जन्मलं ते स्वयंपाकातून. माणूस आधी कच्चं, जड खाऊन तडफडला, मग त्यानं पाखडणं, दळणं, मळणं, शिजवणं शोधलं, आणि तेच पहिलं औषध. आई म्हणाल्या, “मऊ भात.” ऊन फार होतं. दुपारी आम्ही नुसत्या झोपलो.

दिवस सहावा : बोडरम

कोसहून तुर्कस्तानातलं बोडरम पाऊण तासाच्या आत येतं. हेच हिरोडोटसचं हॅलिकार्नासस. जन्म इ.स.पू. 484 च्या सुमाराचा. गाव ग्रीकांचं, पण स्थानिक केरियन लोकांत मिसळलेलं. त्याच्या वडिलांचं नाव लिक्सीस, तेही केरियन वळणाचं. आणि राज्य पर्शियाचं. इथली राणी आर्टेमिसिया सॅलॅमिसच्या लढाईत झर्क्सीसच्या बाजूनं ग्रीकांविरुद्ध लढली. या माणसाला परका कुठे शोधायला जावं लागलं नाही. तो ज्या गल्लीत वाढला तिथेच दोन भाषा आणि दोन चवी असणार. अथेन्समध्ये वाढला असता तर त्यानंही कदाचित अख्ख्या बैलावर नुसतं हसवलं असतं, असं मला वाटतं.

किल्ल्यातल्या संग्रहालयात समुद्राच्या तळातून काढलेली जहाजं आहेत. उलुबुरुनचं जहाज इ.स.पू. चौदाव्या शतकातलं, दहा टन तांबं घेऊन बुडालेलं. त्याच्या मालात अंजीर, बदाम, डाळिंबं आणि धणे सापडले. धणे! तीन हजारांहून जास्त वर्षं समुद्राखाली राहिलेले. आई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी बंदरावर बसलो. आईंपुढे आयरानचा पेला. “ताकच की. थोडं हिंग-जिरं हवं होतं.” माझ्यापुढे भाजलेला मासा. मी इजिप्तचं प्रकरण काढलं होतं, कारण ते मला इथेच, त्याच्या गावात वाचायचं होतं. हिरोडोटसला इजिप्तमध्ये सगळं उलटं दिसलं. कणीक पायानं मळतात आणि चिखल हातानं. घराबाहेर रस्त्यावर जेवतात. बाकीचे लोक गहू आणि सातूवर जगतात, इथे तसं करणाऱ्याला कमीपणा. पुजाऱ्यांना मासे वर्ज्य, पावट्याकडे तर ते बघतही नाहीत. डुकराला चुकून स्पर्श झाला तर कपड्यांसकट नदीत बुडी. आणि गाय आयसिस देवीची, म्हणून कुठलाही इजिप्शियन माणूस ग्रीकाची सुरी, सळई किंवा पातेलं वापरत नाही. ग्रीकाच्या सुरीनं कापलेलं मांसही तोंडात घालत नाही, ते शुद्ध बैलाचं का असेना.

ग्रीक जगाला रानटी म्हणत होते, आणि त्यांच्याहून कितीतरी जुन्या लोकांना ग्रीकाची सुरी विटाळाची होती. हिरोडोटसनं हे लपवलं नाही. स्वतः ग्रीक असून शांतपणे लिहून टाकलं.

आई बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “तुझी विळी.”

माझं लग्न झालं तेव्हा आमच्या घरात मासा कधी आला नव्हता. आईंनी मला अडवलं नाही. मागच्या गॅलरीत वेगळी शेगडी दिली, एक तवा, एक पातेलं आणि एक विळी. तिचा पाट काळसर होता, आणि ती उंबरा ओलांडून आत येत नसे. मी तिथे बसून कोलंबी सोलायची आणि स्वयंपाकघराचं दार पुढे केलेलं असायचं. भांडण कधीच झालं नाही. पण त्या पुढे केलेल्या दाराकडे पाठ करून मी कितीतरी दुपारी काढल्या. 26 जुलै 2005 ला कल्याणात पाणी भरलं, आमच्या तळमजल्यात कमरेइतकं. दुसऱ्या दिवशी चिखलातून दोन विळ्या निघाल्या, आणि आईंनी दोन्ही एकाच घमेल्यात, एकाच राखेनं घासल्या. त्यानंतर गॅलरीतली शेगडी परत लागली नाही.

“तेव्हा वाईट वाटायचं का तुला?” त्यांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी मान हलवली. तेवढंच. मग पेला माझ्याकडे सरकवला आणि उरलेलं ताक मी प्यायले.

रात्री मी एकटीनं इथिओपियन राजाची गोष्ट पुन्हा वाचली. पर्शियाचा राजा कॅम्बिसीस याचे हेर भेटी घेऊन त्याच्याकडे जातात. तो विचारतो, तुमचा राजा खातो काय? गहू कसा पिकतो, पाव कसा होतो हे ते सांगतात. जास्तीत जास्त किती जगता? ऐंशी वर्षं. राजा म्हणतो, शेण खाऊन इतके कमी जगता यात नवल नाही. होमरनं ज्याच्यावर माणूसपण मोजलं त्या भाकरीला दुसरा माणूस शेण म्हणतो, आणि त्याचे लोक दूध-मांसावर 120 वर्षं जगतात. चिडलेला कॅम्बिसीस शिधा न घेता चढाईला निघतो. वाटेत त्याची फौज ओझ्याची जनावरं खाते, मग गवत, मग वाळवंटात चिठ्ठ्या टाकून दहातला एक माणूस. भाकरी खाणाऱ्यांनीच माणूस खाल्ला. मला वाटतं, या सबंध इतिहासात याहून धीट पान नसेल.

दिवस सातवा : मिलेटस

बोडरमहून गाडीनं पावणेदोन तास. मिलेटस एके काळी समुद्रावर होतं; मेंडेरेस नदीनं इतका गाळ आणला की आता समुद्र कित्येक किलोमीटर लांब आहे आणि बंदराच्या जागी पाणथळ आणि बेडकांचा आवाज. 15,000 माणसं बसतील असं दगडी नाट्यगृह सपाट रानात एकटं उभं आहे. हे आयोनियन ग्रीकांचं मोठं शहर. आयोनियन म्हणजे जुन्या पर्शियन भाषेत ‘यौना’, आणि आपल्याकडे ‘यवन’. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावं आहेत. पुढे आपण हाच शब्द विटाळाच्या अर्थानं कितीतरी लोकांना लावला. ज्यांनी इतरांना ‘बर्बर’ म्हटलं, ते आपल्याकडे यवन झाले.

वरच्या पायऱ्यांवर सावली होती. फुलपात्राएवढ्या पेल्यातला चहा, तिळाच्या कडकडीत कड्यांचा पाव, डब्यातलं थोडं चीज. मी शेवटचा उतारा वाचला, पहिल्या खंडातला. अथेन्सहून वसाहत करायला आलेले आयोनियन, स्वतःला सगळ्यात कुलीन समजणारे, बायका बरोबर घेऊन आले नव्हते. त्यांनी इथल्या केरियन पुरुषांना मारलं आणि त्यांच्या बायकामुलींशी लग्नं केली. तेव्हा त्या बायकांनी आपसांत शपथ घेतली आणि ती मुलींना दिली: नवऱ्याबरोबर कधी जेवायचं नाही, आणि त्याला कधी नावानं हाक मारायची नाही. कारण यांनी आमचे बाप, नवरे आणि मुलगे मारले. हे मिलेटसमध्ये घडलं, असं हिरोडोटस म्हणतो.

खाली बेडूक ओरडत होते. आई म्हणाल्या, “बरोबर जेवायचं नाही, आणि नाव घ्यायचं नाही?”

“हो.”

“मी पण कधी घेतलं नाही. त्यांच्या आधी किंवा त्यांच्याबरोबर कधी जेवले नाही. माझी आईही नाही.” थोडा वेळ गेला. “त्या बायकांनी निदान शपथ घेतली होती. आम्हाला कुणी कारणच सांगितलं नाही.”

मी काही बोलले नाही. मी त्यांच्या मुलाला पहिल्या दिवसापासून नावानं हाक मारते आणि त्याच्याआधी जेवतेही.

त्यांनी तिळाचं कडं मोडलं. मोठा तुकडा माझ्याकडे आला. चीजचा डबा पुढे घेतला आणि त्या आधी स्वतः जेवायला लागल्या. दोन घास खाल्ल्यावर पदरावरचे तीळ झटकत, समोरच्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघत त्यांनी सासऱ्यांचं नाव घेतलं. उखाण्यात नाही, नुसतं, हाक मारावी तसं.